सत्तर तामालेस आणि दहा ग्रॅम चुना

पावाचा घास तोंडात घेतला आणि दाढेखाली काहीतरी कडक आलं. काढून बघितलं तर पेराएवढं पांढरं प्लास्टिकचं बाळ. खोलीत एकच गलका झाला. कुणी पाठीत थाप मारली, कुणी "तामालेस! तामालेस!" असा घोष धरला, आणि माझी मुलगी तोंडावर हात ठेवून खिदळायला लागली, कारण आई कशात सापडली आहे ते तिला नेमकं कळलं होतं.

6 जानेवारी 2024, शनिवार. तीन राजांचा दिवस. मेक्सिकन लोक या दिवशी रोस्का नावाचा, मध्ये भोक असलेला लंबगोल गोड पाव कापतात. त्यात बाळ येशूची बाहुली दडवलेली असते. ती ज्याच्या तुकड्यात निघेल त्याने 2 फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या सणाला, सगळ्यांना तामालेस खाऊ घालायचे. (बाहुली गुपचूप गिळून टाकणारेही असतात, अशी तिकडची थट्टा आहे. मला ते वेळेत सुचलं नाही.)

आम्ही मूळचे कऱ्हाडचे. नवऱ्याच्या नोकरीपायी चाकणहून मेक्सिकोतल्या पुएब्लाला गेलो, चार वर्षांनी तिथून जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आलो. फोक्सवॅगनचे कारखाने पुएब्लात आणि वोल्फ्सबुर्गमध्ये दोन्हीकडे असल्यामुळे या गावात पुएब्लाची माणसं बरीच भेटतात. त्यांच्यात मी एकटीच मराठी, पण "पोब्लाना", म्हणजे पुएब्लाची, म्हणून मला सामावून घेतलेलं. त्यामुळे आता मागे हटणं शक्य नव्हतं. बावीस माणसं, माणशी तीन धरले तरी सत्तर तामालेस, आणि हातात सत्तावीस दिवस.

तामाल म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला सोपं आहे. हळदीच्या पानातली पातोळी किंवा केळीच्या पानातली पानगी डोळ्यासमोर आणायची. तांदळाच्या जागी मका, त्यात फेटलेली चरबी, पोटात सारण, वरून मक्याच्या कणसाचं वाळलेलं पान, आणि वाफ. पुएब्लात आमची घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. तिला आम्ही सेन्योरा म्हणायचो, ती मला "मिहा", म्हणजे माझी पोर, म्हणायची. तिच्या स्वयंपाकघरात मी हे शिकले. त्याच रात्री तिला फोन लावला. ती आधी पोटभर हसली आणि मग विचारलं, "मासा कुठून आणणार?"

मासा म्हणजे मक्याचा ओला गोळा. इथेच सगळं अडतं. मिरची कमीजास्त झाली तर चालून जातं, मासा चुकला की तामाल होतच नाही. हे मला ठाऊक असूनही मी पहिल्या आठवड्यात दोन चुका केल्या. पहिली, इटालियन पोलेंटा. रवाळ पिवळं पीठ, कोमट पाण्यात कितीही मळलं तरी हातातून भुसभुशीत गळून पडत होतं. दुसरी चूक जास्त फसवी. एका आशियाई दुकानात अरेपाचं पांढरं मक्याचं पीठ दिसलं, पुडीवर स्पॅनिश अक्षरं, मी खूश. गोळाही छान झाला. पण वास! वासच नव्हता. हे व्हेनेझुएला-कोलंबियाचं पीठ मका नुसता शिजवून केलेलं असतं. मेक्सिकोचा मासा चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचा असतो. दोन्ही पिठं पांढरी, दोन्ही मक्याची, आणि एकमेकांशी नातं तेवढ्यापुरतंच.

या चुन्याबद्दल थोडं बोलायलाच हवं. मक्याचे दाणे चुना घातलेल्या पाण्यात उकळून रातभर तसेच ठेवायचे, सकाळी चोळून साल काढायचं, धुवायचं, दळायचं. या सोपस्कारातून गेलेल्या मक्याला निश्तामाल म्हणतात. चुन्यामुळे साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो, आणि मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व, जे एरवी शरीराला मिळत नाही, ते मोकळं होतं. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात आणला, चुना तिकडेच राहिला. मग 18व्या शतकात स्पेन आणि उत्तर इटलीतली गरीब माणसं मक्यावरच जगू लागली आणि पेलाग्राने, म्हणजे नायसिन न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, आजारी पडली. सेन्योराला यातलं काही माहीत नव्हतं. ती म्हणायची, चुना नसेल तर तो मका डुकरांना घाला.

चुना मला परका नाही. माझ्या आजीच्या पानाच्या डब्यात पितळेची चुनाळी होती आणि तिला हात लावायला मनाई होती. पण पानाचा चुना सत्तर तामालेसच्या मक्यात ओतायला धीर होईना, त्यात आणखी काय काय मिसळलेलं असतं कोण जाणे. व्हिएतनामी दुकानात चुन्याची बरणी होती, पण गुलाबी! थाई लोक चुन्यात हळद घालतात म्हणून तो लाल होतो. आपलं कुंकू असंच होतं हे आठवून मला उगाच आनंद झाला, पण गुलाबी मासा घेऊन कुणाला तोंड दाखवणार होते?

शेवटी औषधांच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, कॅल्शियम हायड्रॉक्साइड हवंय, खाण्यात चालेल असं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. कशासाठी? मका शिजवायला. कुणाला खायला? माणसांना. त्यांनी आत जाऊन दुसऱ्या बाईंना बोलावलं. मी दोघींना निश्तामालचं व्याख्यान दिलं, माझ्या मोडक्या जर्मनमध्ये, "कोंडा" या शब्दाशी अडखळत. दुसऱ्या बाईंनी संगणकावर शोधून सांगितलं की हा पदार्थ युरोपात खाद्यपदार्थांत चालतो, क्रमांक ई 526. दोन दिवसांनी शंभर ग्रॅमची बाटली आली. मला हवा होता दहा ग्रॅम: किलोभर मक्याला साधारण एक टक्का. बाकीचा चुना अजून कपाटात आहे, त्यावर मुलीने कवटीचं चित्र काढून चिकटवलंय.

मका मिळवणं त्याहून अवघड गेलं. बायो दुकानात पॉपकॉर्नचा मका होता, तो मी एका रात्री चुन्यात घालून बघितला. सकाळी साल निघालं, पण दाणा आतून खडा तो खडाच. कबुतरांच्या खाद्याच्या पोत्यात सुंदर टपोरा मका दिसतो, पण तो माणसांनी खाण्यासाठी नसतो, तो मोह आवरला. मग एका शनिवारी बर्लिन गाठलं. वोल्फ्सबुर्गहून रेल्वेने तासाभराचं अंतर. तिथे एका मेक्सिकन दुकानात पांढरा वाळलेला मका किलोभर मिळाला, दीड किलो निश्तामालचं तयार पीठ मिळालं (यात चुन्याचं काम आधीच झालेलं असतं, नुसतं पाणी घालून मळायचं), कणसाची वाळलेली पानं मिळाली, आणि मिरच्या. मी पिशवीत नाक घालून उभी राहिले तर दुकानातला पोरगा म्हणाला, सगळेच असं करतात.

कणसाच्या पानांची त्याआधीची गंमत सांगायची राहिली. वोल्फ्सबुर्गमध्येच एका हस्तकलेच्या दुकानात मक्याच्या पानांचा गठ्ठा मला मिळाला होता. मी विजयी मुद्रेने घरी आणला. ती पानं बाहुल्या बनवायची निघाली, ब्लीच केलेली. मुलीने त्यांच्या तीन बाहुल्या केल्या.

मिरच्यांच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. पहिलं सारण मोले पोब्लानोचं, म्हणजे पुएब्लाच्या मिरच्या-चॉकलेटच्या दाट रश्श्याचं. त्याला मुख्यतः तीन मिरच्या लागतात: आंचो, मुलातो आणि पासिया. आंचो आणि मुलातो दोन्ही पोब्लानो जातीच्या मिरच्यांपासूनच वाळवतात, दिसतातही जुळ्या बहिणींसारख्या. पुएब्लात अकोकोता मंडईत सेन्योराने मला ओळख शिकवली होती: मिरची चिरून, बिया झाडून, तुकडा उजेडासमोर धरायचा. लालसर दिसला तर आंचो, तपकिरी दिसला तर मुलातो. विकणारी बाई काही म्हणो, सेन्योरा दर वेळी धरून बघायची, आणि विकणाऱ्या बाईला त्याचा राग येत नसे. बर्लिनच्या दुकानात "मुलातो" लिहिलेली पुडी होती. मी घरी येऊन खिडकीशी धरली. लाल. पुढच्या वेळी त्या पोराला सांगितलं तर त्याने पुडी उलटसुलट करून बघितली आणि खांदे उडवले.

पासिया मिळाली, तीही नावाचा घोळ निस्तरून. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी आंचोलाच पासिया म्हणतात आणि तिकडून आलेल्या मालावर तेच नाव येतं. खरी पासिया म्हणजे चिलाका नावाच्या लांबलचक मिरचीची वाळलेली, सुरकुतलेली, जवळपास काळी काडी. ग्वाहियो या लाल मिरचीच्या जागी मात्र मी ब्राउनश्वाइगच्या भारतीय दुकानातली ब्याडगी वापरते, बिनधास्त. ग्वाहियोचा किंचित आंबटपणा तिच्यात नाही, पण रंग असा येतो की बघणाऱ्याने विचारावं. मुलातोला पर्याय माझ्या माहितीत नाही. आंचोच जास्त भाजून, थोडं चॉकलेट वाढवून भागवता येतं. भागवलेलं कळतं.

एव्हाना मला एक गोष्ट उमगली होती: वस्तू मिळत नाही असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ती त्या नावाने मिळत नसते. पिलोन्सियो म्हणून मेक्सिकोत शंकूच्या आकाराचा गूळ मिळतो. तो शोधत मी पहिल्या वर्षी इंटरनेटवर किती पैसे घालवले ते नवऱ्याला सांगितलेलं नाही. तो गूळच आहे! भारतीय दुकानातली ढेप फोडली की झालं. मेक्सिकोची दालचिनी, कानेला, ही श्रीलंकेची पातळ सालीची दालचिनी, आणि ती जर्मनीत साध्या सुपरमार्केटमध्ये "सिलोन" अशी चिठ्ठी लावून बसलेली असते. सरबताची हामाइका ही आपल्या लाल अंबाडीची बोंडं, ती तुर्की दुकानात चहा म्हणून किलोने मिळतात. खुद्द पुएब्लात "तोमाते" मागितलं तर हिरवं फळ मिळतं, लाल टोमॅटो हवा असेल तर "हितोमाते" म्हणावं लागतं. पहिल्या आठवड्यात तिथे मी चुकून हिरव्या तोमातेचं सार केलं होतं, आणि आम्ही ते चिंच घातल्यासारखं म्हणून आवडीने प्यायलो होतो. आपण ज्याला चिकू म्हणतो ते नावसुद्धा तिकडच्याच नावात्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे आपल्याकडे पोचलंय. त्यामुळे मेक्सिकन बाजारात मला कधीच फार परकं वाटलं नाही.

तो हिरवा तोमाते, म्हणजे बाकीचं जग ज्याला तोमातियो म्हणतं, दुसऱ्या सारणाचा, म्हणजे हिरव्या साल्साचा (चटणीचा), जीव असतो. रसभरीसारखं कागदी टोपडं घातलेलं आंबट फळ. डब्यातला मिळतो, पण त्याला पत्र्याची चव येते. मी बाल्कनीत लावायचं ठरवलं होतं, ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एकच कुंडी, एकच रोप. मेच्या मध्यापर्यंत इथे रोप बाहेर काढायचं नसतं. 11 ते 15 मे हे "बर्फसंतांचे" दिवस, तोवर दहिवर पडून रोप जळू शकतं असं शेजारच्या आजोबांनी बजावलं होतं. मी ऐकलं. रोप कंबरेएवढं झालं, पिवळ्या फुलांनी लगडलं, मधमाश्या घोंघावू लागल्या, आणि सप्टेंबरपर्यंत एकही फळ धरलं नाही. रिकामी कागदी टोपडीही नाहीत, फुलं नुसती गळून जायची. मी खत दिलं, पाणी कमी केलं, जास्त केलं, ब्रशने परागही फिरवले. ऑक्टोबरात सेन्योराला फोटो पाठवला तेव्हा तिने विचारलं, "नवरा कुठाय?" मला वाटलं माझ्या नवऱ्याबद्दल विचारतेय. तोमातियोच्या एका रोपाला स्वतःचे पराग चालत नाहीत, शेजारी दुसरं रोप लागतंच. पुएब्लात शेतंच्या शेतं असतात, त्यामुळे तिथे हे कुणाला सांगायची वेळ येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात दोन कुंड्या लावल्या आणि चार किलो निघाले. त्यातले अडीच किलो फ्रीझरमध्ये होते, म्हणून 2 फेब्रुवारीचा हिरवा साल्सा तरी बिनघोर होता.

तिसरं सारण घेवड्याच्या लगद्याचं, त्यात सेन्योरा अॅव्होकाडोचं भाजलेलं पान चुरडून घालायची. बडीशेपेसारखा वास येतो. माझ्याकडे अॅव्होकाडोच्या कोयीतून वाढवलेलं झाड होतं, छातीएवढं उंच. चार पानं तोडून तव्यावर धरली. गवत भाजल्यासारखा वास. सुपरमार्केटमध्ये मिळतो तो हास जातीचा, त्याच्या पानाला वास जवळपास नसतो. सुगंध मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या मूळ जातीच्या पानांना. मी बडीशेप भाजून, पूड करून घातली. सेन्योराला फोनवर कबूल केलं, तर क्षणभर गप्प राहून ती म्हणाली, "मी पार्सल पाठवते." मी म्हटलं, नको, वेळेत येणार नाही. तिने ऐकलं नाही.

30 जानेवारीला मका शिजत घातला. तीन लिटर पाणी, दहा ग्रॅम चुना, एक किलो मका. दहा मिनिटांत पांढरे दाणे पिवळेधमक झाले आणि घरभर तो वास पसरला. दिवाळीआधी कऱ्हाडच्या घराच्या भिंतींना चुना काढायचे, त्या ओल्या भिंतीचा वास आणि उकडलेल्या कणसाचा वास एकत्र. मुलगी शाळेतून आली, दारातच थांबली आणि स्पॅनिशमध्ये बोलली. पुएब्ला सोडल्यापासून ती घरात स्पॅनिश बोलली नव्हती.

दळणाचा प्रश्न होता. माझ्या मिक्सरने असा ओला चिकट गोळा पाहून आधीच एकदा मान टाकली होती. मेक्सिकोत पूर्वी हे मेताते नावाच्या पाट्यावर वाटायचे, आपल्या पाट्या-वरवंट्याचाच भाऊ, फक्त त्याला तीन पाय असतात. आता गल्लोगल्ली गिरण्या आहेत. मी जुन्या बाजारातून आठ युरोला हाताने फिरवायचं खिम्याचं यंत्र आणलं होतं. जर्मनमध्ये त्याला "मांसलांडगा" म्हणतात. तीन वेळा त्या लांडग्याच्या तोंडातून मका फिरवला. पोळीला चाललं नसतं, पण तामालला मासा रवाळच लागतो. हा मासा आणि तयार पिठाचा मासा मिळून पाच किलोच्या आसपास झाला.

चरबीबद्दल फार बोलत नाही, माझी आई हे वाचते. एवढंच सांगते की जर्मनीत डुकराची चरबी विकत घेताना डबा नीट वाचावा. सफरचंद आणि तळलेला कांदा घातलेली चरबी इथे पावाला लावून खातात, आणि ती बाहेरून अगदी सारखी दिसते. पहिला डबा नवऱ्याच्या सहकाऱ्याला देऊन टाकला, तो खूश.

1 तारखेच्या रात्री चरबी पांढरी हलकी होईपर्यंत फेटली, मासा घातला, कोंबडीचं पाणी घातलं, परत फेटलं. झालं की नाही ते बघायची खूण अशी: बोराएवढी गोळी पाण्याच्या पेल्यात टाकायची. बुडाली तर फेटा अजून. माझी तीनदा बुडाली. चौथ्यांदा तरंगली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि माझा खांदा निकामी झाला होता. पानं भिजवली होती, नवरा पुसून देत होता, मुलगी सारण भरत होती. वाफवायला माझं मोदकपात्र आणि शेजाऱ्यांचं मोठं पातेलं. तळाशी पाण्यात एक नाणं टाकायचं, ते खुळखुळतंय तोवर पाणी आहे. आवाज थांबला की घाला. आणि तामालेस शिजत असताना घरात कुणी चिडायचं नाही, नाहीतर ते कच्चे राहतात, अशी तिकडे श्रद्धा आहे. मोदकपात्रातलं नाणं रात्री दीडला गप्प झालं तेव्हा नवरा झोपेतून उठून पाणी घालायला आला आणि हात भाजून घेतला. तो चिडला नाही. मी खबरदारी म्हणून त्याला नाचायला लावलं, तोही उपाय शास्त्रात आहे.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे आले. हिरवे आधी संपले. घेवड्याच्यात बडीशेप आहे हे कुणाला कळलं नाही, किंवा कुणी बोललं नाही. दाण्यांचं पीठ बाजारचं की घरचं यावर दोघांची पैज लागली. एकाच्या सासूबाई पुएब्लाहून मुलीकडे आल्या होत्या, सत्तरीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मोलेचा तामाल उघडला, अर्धा खाल्ला, चमचा खाली ठेवला आणि मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "मुलातो नव्हती ना?" मी म्हटलं, नव्हती. त्यांनी मान हलवली आणि उरलेला अर्धा संपवला. मग दुसरा घेतला.

पार्सल आलं 13 फेब्रुवारीला. त्यात अॅव्होकाडोची ताजी पानं होती, ती सीमाशुल्काच्या कचेरीत काढून घेतली गेली. वनस्पतींच्या ताज्या भागांना युरोपात आरोग्याचा दाखला लागतो, हे मला माहीत होतं, सेन्योराला कोण सांगणार? वाळलेल्या मिरच्या सोडल्या. अर्धा किलो, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि आत एक चिठ्ठी: "मिहा, धरून बघ."

मी एक चिरली, बिया झाडल्या आणि खिडकीशी नेली. बाहेर पाऊस होता, उजेड असा नव्हताच. टेबलावरचा दिवा लावून त्याच्यापुढे धरली. तपकिरी.